उरलेली बातमी पान सातवर

आमच्या गल्लीत वर्तमानपत्र एकच येई आणि ते चार घरांचं असे. पिंपळे गुरवला तेव्हा आतासारख्या इमारती नव्हत्या. गावातल्या जुन्या घरांनी आपल्या शेताच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा बांधल्या होत्या आणि त्यांत आमच्यासारखी बीडकडची, सोलापूरकडची, कंपनीच्या आशेनं आलेली माणसं भाड्यानं राहत. पेपर पहाटे आमच्या दारात पडे. पप्पा भोसरीच्या एका कारखान्यात लेथवर होते, पहिली पाळी असली की गल्लीत सगळ्यांत आधी दिवा आमच्याकडे लागे. ते उभ्यानंच पेपर चाळत, चहा बशीत ओतून पीत आणि कंपनीची बस चुकायला आली की पेपर कॉटवर टाकून धावत सुटत. मग पेपराची वाटणी होई. खेळाचा ताव पलीकडच्या खोलीतल्या जाधवांकडे, सिनेमाचा शेजारच्या शोभाकाकूंच्या नवऱ्याकडे आणि मधली पानं घरमालकीण यमुनाबाईंकडे. यमुनाबाईंना अक्षर ओळखू येत नव्हतं, पण जागा त्यांची होती, त्यामुळे पेपरातही त्यांचा हिस्सा असणं सगळ्यांनाच रीतसर वाटे. बाहेरचा ताव, म्हणजे पहिलं, दुसरं आणि शेवटची दोन पानं, आमच्याकडे उरे. संध्याकाळी सगळे ताव परत एकत्र यायचे असा नियम होता. तो कुणी पाळल्याचं मला आठवत नाही.

मी तेव्हा अकरावीला होते. आकुर्डीचं कॉलेज सकाळचं, बारा-साडेबाराला घरी. आई बालवाडीत मदतनीस होती, तीही तोवर आलेली असे. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी, एवढं जेवण. नंतर भांडी घासून झाली की आमच्या दारापुढच्या कट्ट्यावर बायका जमत. एका छोट्या कारखान्यातून रबराच्या वॉशरांची पोती येत आणि त्या वॉशरांच्या कडेला साच्यातून निघताना राहिलेली पातळ झालर असे, ती कात्रीनं गोल कापून काढायची. आई, शोभाकाकू आणि आणखी दोघीतिघी हे काम करत. यमुनाबाई काम करत नसत, नुसत्या बसत आणि कुणाचं कातरकाम वेडंवाकडं झालं ते सांगत. रबराचा तो वास इतका चिकट असे की भाकरीलाही येई. कात्र्यांचा कच् कच् आवाज एका लयीत चाले, आणि त्या लयीत मी पेपर वाचून दाखवायचा, हा आमच्या गल्लीचा रिवाज होता.

त्या बायकांपैकी एकीलाही वाचता येत नव्हतं. आई सही करी, तीही जीभ दातांत धरून. त्यामुळे दुपारचा एक तास मी त्यांची आकाशवाणी होते, आणि मला त्याचा ताठा होता, खोटं कशाला बोलू. मी रेडिओवरच्या बाईंसारखा आवाज लावे. ठळक मथळा ठळक आवाजात, बारीक अक्षरं भराभर. घात, अपघात, पळून गेलेली मुलगी, सापडलेली मुलगी, सगळं मी असं काही वाचे की कात्र्या थांबत. आणि नेमक्या रंगात आलेल्या बातमीच्या शेवटी बारीक अक्षरांत लिहिलेलं असे की उरलेला मजकूर पान सातवर. पान सात यमुनाबाईंकडे. तिथं ते तोवर डब्यांखाली अंथरलेलं असे, नाहीतर मिरच्या वाळत घातलेल्या असत. पहिल्यांदा मी प्रामाणिकपणे सांगितलं, "पुढचं आत आहे, आपल्याकडे नाही." त्यावर शोभाकाकू अशा चिडल्या की जणू मीच त्यांचं काही लपवून ठेवलंय. "असं अर्ध्यात सोडतात व्हय गं? मग वाचायला बसलीसच कशाला?"

तेव्हापासून मी बातम्या स्वतःच पुऱ्या करायला लागले. आधी एखादं वाक्य, गंमत म्हणून. मग मला त्यात गोडी लागली. पेपराची भाषा मला कानानं पाठ झाली होती. 'परिसरात हळहळ व्यक्त होत आहे' हे वाक्य कुठल्याही मरणाला लागू पडे. 'एकच खळबळ उडाली' हे चोरीला. आणि सगळ्यांत कामाचं म्हणजे 'असे बोलले जाते'. ते लावलं की काहीही म्हणता येई आणि कुणी म्हटलं ते सांगावं लागत नसे. बायका समाधानानं मान हलवत आणि पुढचा वॉशर उचलत. मला वाटे, यात कुणाचं काय बिघडतंय?

एका शुक्रवारी पहिल्या पानावर मथळा होता, पोलिओ डोसनंतर बालकाचा मृत्यू. दोन दिवसांनी, रविवारी, डोस पाजायचे होते. आईचं बूथ बालवाडीतच लागणार होतं आणि गेले आठ दिवस ती गल्लोगल्ली सांगत फिरत होती. बातमी दुसऱ्याच कुठल्या जिल्ह्यातल्या लांबच्या गावची. मेलेलं मूल, त्याची टाहो फोडणारी आई, आरोग्य केंद्रासमोर जमलेला जमाव. शेजारी फोटो होता तो एका रडणाऱ्या बाळाचा आणि त्याच्या दंडात घुसणाऱ्या सुईचा. मी फोटोसुद्धा वाचून दाखवला, म्हणजे बाळाचं तोंड कसं वासलंय नि सुई केवढी लांब आहे ते. शोभाकाकूंच्या मांडीवर त्यांची पिंकी झोपली होती. लग्नानंतर सात वर्षांनी झालेली, आठ महिन्यांची. त्यांनी तिच्या पायावरून हात फिरवत विचारलं, "पण डोस तर तोंडात पाजतात ना? आता सुई आली का?" मला माहीत नव्हतं. बातमी पान सातवर गेली होती. आणि सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी पेपरावरची नजर न काढता, त्याच आवाजात म्हटलं, "याच डोसमुळे इतर बालकांच्याही जिवाला धोका असल्याचे बोलले जाते."

कात्र्या थांबल्या. मला त्या शांततेचं कौतुक वाटलं, हे मला आजही कबूल करवत नाही, पण वाटलं. आई उठून आत गेली आणि मिलिंदला, माझ्या तीन वर्षांच्या भावाला, झोपेतून उचलून उगीचच कडेवर घेऊन बाहेर आली.

रविवारी मी बूथवर आईला आणि दवाखान्यातून आलेल्या सिस्टरांना मदत करायला गेले. सकाळी सकाळी नगरसेवक आले, त्यांच्याबरोबर फोटोग्राफर. एका बाळाला आणलं गेलं. दरवर्षी पेपरात हाच फोटो येई आणि दरवर्षी मला त्याची गंमत वाटे. नगरसेवक बाळाच्या तोंडावर बाटली धरून कॅमेऱ्याकडे बघताहेत, बाळानं तोंड घट्ट मिटलेलं आणि बाळाची आई पदर नीट करतेय. त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिलं. फोटो झाल्यावर नगरसेवक गेले आणि खरा डोस नंतर आईनं गालगुच्चा घेऊन पाजला. दोन थेंब, मग डाव्या करंगळीला शाई. रस्त्यापलीकडची बाळं आली, गावठाणातली आली. आमच्या गल्लीतलं एकही आलं नाही. दुपारी बूथवर माशा हाकत बसल्यावर आई यमुनाबाईंकडे आणि शोभाकाकूंकडे जाऊन आली. मी विचारलं तर म्हणाली, "शोभा म्हणती, तुमच्याच सुजातानं वाचलंय की."

संध्याकाळी मी मिलिंदचे हातपाय धूत होते. त्याला पाण्यात बोटं बुडवून ठेवायला आवडे. उजवा हात झाला, डावा घेतला, करंगळी चोळली आणि मला कळेना की काय चुकतंय. करंगळी कोरी होती. मी दुसरा हात पुन्हा पाहिला. त्यालाही शाई नव्हती. आई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिची पाठ माझ्याकडे.

"आई, मिलूला डोस दिला नाहीस?"

थापण्याचा आवाज थांबला. "सकाळपासून लोकाच्या लेकरांना पाजलं," ती म्हणाली. "ह्याला मांडीवर घेतलं आन हातच उचलंना गं. सिस्टरला सांगितलं, आमच्याचं घरी झालंय."

"पण तुला तर ट्रेनिंग दिलंय! तूच सगळ्यांना सांगत होतीस, काही होत नाही म्हणून."

"सांगत होते." ती वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला आधी वाटलं ते धुराचं आहे. "तू वाचलंस ना सुजे. मला काय वाचाया येतंय? जगातलं जे काही कळतं मला ते तुझ्या तोंडनं कळतं. तू म्हणालीस धोका हाय."

मी म्हणायला हवं होतं की ते वाक्य माझं होतं. ते माझ्या ओठांपर्यंत आलंही. पण पप्पा दारात सायकल लावत होते आणि मी मिलिंदचे पाय पुसत बसले. लाज वाटली तर वाटलीच, पण त्याच्याही खाली एक दुसरीच गोष्ट मला टोचत होती. पान सातवर होतं तरी काय? मी ज्या बातमीचा शेवट केला तिचा खरा शेवट काय होता? कदाचित मी खरंच बोलले असेन. तसं निघालं तर मिलिंदला डोस न देऊन आईनं बरोबरच केलं होतं. नसेन बोलले तर त्याच्या पायांचं काय? गावठाणात एक पांगळा मुलगा होता, तो हातांनी सरकत दुकानापर्यंत येई. त्याच्याकडे आजवर मी कधी नीट पाहिलं नव्हतं.

सोमवारी कॉलेज बुडवलं. आधी यमुनाबाईंकडे गेले. पान सात त्यांच्या मिरच्यांखाली होतं खरं, पण शनिवारपर्यंत. "आन मंग त्यातच बांधून लेकीला धाडल्या मिरच्या, राजगुरुनगरला," त्या म्हणाल्या. "कागदाचं काय येवढं? दुसरा देते की." गल्लीत बाकी कुणाकडे ते पान असणं शक्यच नव्हतं. मग मी बस धरून चिंचवडला पेपराच्या कचेरीत गेले. पत्ता शेवटच्या पानाच्या तळाशी छापलेला असतो हे मला ठाऊक होतं, कारण मी तोही वाचून दाखवत असे.

कचेरी म्हणजे काही भव्य असेल अशी माझी कल्पना होती. पाण्याच्या पंपांच्या दुकानावर, अरुंद जिना चढून, दोन खोल्या. पंखा फिरत होता आणि प्रत्येक टेबलावरचे कागद दगडांनी, चावीच्या जुडग्यानं, एके ठिकाणी तर स्टीलच्या वाटीनं दाबून ठेवले होते. एक गृहस्थ डबा खात होते. पाटणकर म्हणून उपसंपादक, पुढं मला नाव कळलं. मी म्हटलं, "सर, शुक्रवारचं पान सात पाहिजे." त्यांना वाटलं नोकरीची जाहिरात हवी असेल. मी बातमी सांगितली तसे त्यांनी हात धुतले, कोपऱ्यातल्या परत आलेल्या अंकांच्या गठ्ठ्यातून शुक्रवारचा काढला आणि पान उघडून माझ्यापुढं ठेवलं. खालच्या कोपऱ्यात, एका टायरच्या जाहिरातीच्या डोक्यावर, बोटभर मजकूर होता. त्या बाळाला आठ दिवस न्यूमोनिया होता. दवाखान्यात नेलं होतं, मग घरी आणलं होतं. त्याच बाटलीतले थेंब गावातल्या इतर मुलांनी घेतले होते आणि ती सगळी ठणठणीत होती. डोसाचा मृत्यूशी संबंध नाही, असं वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं. मी ते दोनदा वाचलं. मोठ्यानं नाही.

"हे वर का नाही छापलं?" मी विचारलं. मला भांडायचं नव्हतं, मला खरंच कळत नव्हतं.

पाटणकर खुर्ची ओढून बसले. त्यांना बहुधा असं कुणी विचारायला येत नसावं. "हे बघ, बातमी गावाकडून फोनवर येते. वार्ताहर आधी मेलेलं मूल सांगतो, मग त्याची आई, मग जमाव, मग डॉक्टर. आम्ही त्याच क्रमानं लावतो. पहिल्या पानावर जागा संपली की खालचं उरतं ते आत."

"म्हणजे डॉक्टर नेहमी आत?"

"डॉक्टर नेहमी खाली. म्हणून आत." ते हसले, पण जरा कसंनुसं.

"मग डॉक्टरांना वर घ्यायचं."

"घेता येतं की. 'न्यूमोनियाने बालकाचा मृत्यू' असा मथळा दिला असता तर तू बातमी वाचली असतीस?"

मी विचार केला. "नाही," म्हटलं.

"आणि सुई?" मी अंक उलटून पहिल्या पानावरच्या फोटोवर बोट ठेवलं. "डोस तर तोंडात पाजतात."

"लस म्हटलं की सुई. थेंब फोटोत दिसत नाहीत गं. हा फोटो आमच्याकडे आहे, लसीचं काही आलं की हाच लावतो." त्यांनी पेपर उलटसुलट केला, मग शनिवारचा अंक काढला. त्यात पान पाचवर, 'थोडक्यात' या सदरात, गॅस एजन्सीच्या सुट्टीच्या सूचनेखाली, तीन ओळी होत्या की मृत्यू आजारानेच झाल्याचं तपासणीत निष्पन्न झालं. "हे बघ, दिलंय आम्ही." त्यांच्या आवाजात बचाव होता. मी विचारलं, हे कुणी वाचलं असेल? त्यावर त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि मला विचारलं की तुझा याच्याशी काय संबंध.

मग मी पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. गल्ली, कात्र्या, अर्धी राहणारी बातमी आणि माझं वाक्य. वाक्य मी शब्दशः म्हणून दाखवलं. ते खो खो हसले, आणि मग एकदम हसायचे थांबले. "आमच्यासारखंच आहे की," ते म्हणाले. दोन्ही अंक घडी घालून त्यांनी मला दिले आणि जिन्यापर्यंत सोडायला आले.

पुढं मीही याच धंद्यात पडले, अठरा वर्षं बातम्यांच्या टेबलावर काढली. डॉक्टरांना वर घ्यायचा हट्ट मी अनेकदा केला आणि पुष्कळदा हरले. करोनाच्या साथीत तर वाहिन्यांवर सकाळपासून रात्रीपर्यंत तोच एक दंड आणि तीच एक सुई. आमचे पप्पा, आता निवृत्त, टीव्हीसमोर बसून वैतागले, "अरे किती वेळा टोचाल त्या एकाच माणसाला?" मी हसले, पण ते स्वतः लस घ्यायला महिनाभर टाळाटाळ करत होते आणि त्याचं कारण विचारलं की टीव्हीकडे बोट दाखवत. लोक घाबरट नसतात, असं माझं आता मत झालंय. त्यांना जे आधी नि मोठ्यानं सांगितलं जातं तेवढंच त्यांच्याजवळ असतं.

कचेरीतून आल्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी दुपारी, कट्ट्यावर मी पान सात घेऊन बसले. घरोघरी फिरून राहिलेल्या मुलांना डोस द्यायचं काम सोमवारपासून चालू होतं. सगळी मुलं झाली की त्या घराच्या दारावर खडूनं एक खूण, राहिली की फुली. शोभाकाकूंच्या दारावर फुली होती. आमच्या दारावर झाल्याची खूण होती, कारण सिस्टरांनी आईच्या शब्दावर ती काढली होती. मी ती बोटभर बातमी सावकाश वाचली. रेडिओवरच्या बाईंचा आवाज त्या दिवशी लागलाच नाही. मग शनिवारच्या तीन ओळी वाचल्या. आणि मग म्हटलं, "त्या दिवशी शेवटचं वाक्य पेपरात नव्हतं. इतर बाळांना धोका आहे, ते मी म्हटलं होतं. मनानं. मला माफ करा."

वाटलं होतं की झालं, आता सगळ्या पोरांना घेऊन उठतील. शोभाकाकूंनी कात्री खाली ठेवली. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "म्हणजे तू आजवर आमाला काय काय मनानं वाचून दाखवलंस गं?"

"पुष्कळ," मी म्हटलं.

"आन आत्ता वाचलंस ते? ते त्यांचं का तुझं?"

मी पेपर त्यांच्यापुढं केला. "बघा, इथं छापलंय." त्यांनी पेपराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. यमुनाबाईंनी तो हातात घेतला, उलटा धरला, परत दिला. "तवा बी असाच कागद हुता की हातात," त्या म्हणाल्या. "आमाला काय, समदे कागद सारखेच." त्या रागावल्या नव्हत्या, आणि तेच मला जास्त लागलं. खरं काय ते माझ्या हातात होतं आणि ते द्यायला माझ्याजवळ माझ्या तोंडाशिवाय काही नव्हतं. त्या तोंडावरचा विश्वास मीच घालवला होता.

तेवढ्यात आई आणि सिस्टर फुलीच्या घरांसाठी गल्लीत शिरल्या. आईच्या खांद्याला बर्फाची निळी पेटी. बायकांच्या चेहऱ्यांवरून तिला काहीतरी झाल्याचं कळलं. मी तिला तिथंच, सगळ्यांसमोर सांगितलं की ते वाक्य माझं होतं. आई मला मारील असं वाटलं. तिनं पेटी कट्ट्यावर ठेवली, आमच्या दारापाशी गेली आणि पदरानं ती खडूची खूण पुसून टाकली.

"सिस्टर, मी खोटं बोलले," ती म्हणाली. "मिलूला पाजलं न्हाई मी. मलाच भ्या वाटलं." सिस्टरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण आई तोवर मिलिंदला घेऊन आली होती. ती कट्ट्यावर बसली, त्याला मांडीवर आडवं घेतलं आणि त्याचे गाल दाबले. पहिला थेंब त्याच्या हनुवटीवर पडला. दुसरा आणि तिसरा तोंडात. मिलिंदनं ओठ चाटले आणि आणखी मागितला. कुणीतरी हसलं. आई हसली नाही, ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

सिस्टर शोभाकाकूंकडे वळल्या. शोभाकाकूंनी पिंकीला छातीशी धरलं. "आज न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमी शुक्रवारपर्यंत फिरता ना? शुक्रवारी सांगते." मग आईला, अगदी हळू, "ताई, मिलूला बघू द्या आधी चार दिस."

ते चार दिवस मिलिंद गल्लीचा राजा होता. सकाळी शोभाकाकू बघायला येत, दुपारी यमुनाबाई. कपाळाला हात लावत, डोळ्यांच्या पापण्या उलटून बघत, काय खाल्लं विचारत. तो शिंकला तर चार खोल्यांत कळे. मला पान सात पाठ होतं, डॉक्टर काय म्हणाले ते मी झोपेतही म्हणून दाखवलं असतं, आणि तरी मी दर तासाला त्याच्या पायाची बोटं दाबून बघत होते की तो ओढून घेतो का. आई तर जेवलीच नाही म्हणायला हरकत नाही. गुरुवारी पप्पांची सुट्टी. त्यांना सगळं सांगितलं होतं. दिवसभर त्यांनी मिलिंदला खांद्यावरून खाली ठेवलं नाही. संध्याकाळी मिलिंदला त्या खांद्यावरून उतरायचं होतं म्हणून तो लाथा झाडायला लागला. पप्पा त्या लाथा खात हसत होते. "पाय चांगले चालतात रे भावा," ते म्हणाले आणि आत तोंड धुवायला गेले.

शुक्रवारी सिस्टर येण्याआधीच शोभाकाकू पिंकीला घेऊन कट्ट्यावर येऊन बसल्या. पिंकीला न्हाऊ घातलं होतं, काजळ घातलं होतं. आईनं पेटी उघडली, पण शोभाकाकूंनी मान हलवली आणि माझ्याकडे बोट केलं. "हिच्या मांडीवर देते मी. हिनं धरायचं."

मी मांडी घालून बसले. पिंकी मला वाटलं होतं त्यापेक्षा जड होती आणि गरम. तिनं माझी वेणी पकडली. मी तिचे गाल दाबले, आईनं दोन थेंब सोडले. या वेळी एकही हनुवटीवर पडला नाही. पिंकीनं तोंड वेंगाडलं, पण ती रडली नाही. सिस्टरांनी करंगळीला शाई लावली. शोभाकाकूंनी लेकीला परत घेतलं, तिचा मुका घेतला, तिला दुसऱ्या मांडीवर टाकलं आणि पोत्यातून मूठभर वॉशर काढून पुढ्यात ओतले. बाकीच्याही बसल्या. मला तिथं थांबावं की उठून जावं कळत नव्हतं. पेपर कॉटवर होता. गेले तीन दिवस मी तो कट्ट्यावर नेला नव्हता आणि कुणी मागितलाही नव्हता.

शोभाकाकूंनी कात्री उचलली. "जा, आण की पेपर," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "वाच. आन जिथं संपतं तिथं थांब."